मोडीवाली ताई आणि आजोबांची ट्रंक

ताई, मी ३६ वर्षांची, कोल्हापूरला राहते, बँकेत नोकरी करते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावच्या घरी आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली, आत कापडात बांधून ठेवलेले मोडी लिपीतले कागद. ते वाचायचेच असं ठरवून ऑनलाइन क्लास लावला. मधे सहज एक व्हिडिओ टाकला, बोरूनं आईचं नाव लिहितानाचा, तो तुफान चालला, मग रोजच टाकायला लागले. आज अकरा हजार फॉलोअर्स आहेत, मोडीवाली ताई म्हणतात, नावाच्या फ्रेमा विकते, लग्नपत्रिकांची कामं येतात. गेल्या दिवाळीत गावी सगळे जमलो होतो तेव्हा चुलतभावानं ती ट्रंक आणून पुढ्यात ठेवली, म्हणाला वाच की, तू तर लई फेमस हायस. ताई, मला वरचं 'श्री' सोडून काही वाचता येईना. चौदा माणसं बघत होती. मी ठोकून दिलं की हा जमिनीचा कागद आहे, पणजोबांनी ओढ्याकडचं रान घेतलं त्याचा. सगळे खूष. मला तेव्हापासून धड झोप नाही. मी ढोंगी आहे का? अकाऊंट बंद करून टाकू का? पण बंद केलं तर शिकणंच थांबेल अशी भीती वाटते, कारण खरं सांगते, आता कॅमेरा लावल्याशिवाय बोरू हातात घ्यावासाच वाटत नाही.

अगं बाई, वयानं मी तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी असेन म्हणून सरळ अगंतुगं करतेय, चालवून घे.

ढोंगी आहेस की नाहीस ते नंतर बघू, आधी ते ओढ्याकडचं रान. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली असेल तर त्या रानाची. जमिनीच्या बाबतीत चौदा माणसांसमोर ठोकून दिलेली गोष्ट चौदा माणसांत राहते होय? उद्या त्यातला एखादा तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढेल, रान निघेल भलत्याच भावकीच्या नावावर, आणि मग 'आमच्याकडे मोडीतला कागद आहे, आमच्या बँकेतल्या ताईनं वाचलाय' म्हणून जे सुरू होईल ते तुझ्या मुलांच्या लग्नापर्यंत चालू राहील. तेव्हा हे वाचून झालं की फोन उचल आणि चुलतभावाला सांग, दादा त्या दिवशी मला वाचता आलं नव्हतं, अंदाजानं बोलले, अजून शिकतेय, खरंच वाचून झालं की सांगते. संपलं. तो हसेल, दोन दिवस घरच्या ग्रुपवर टिंगल होईल, एखादी काकू 'मला वाटलंच होतं' म्हणेल, म्हणू दे. त्याहून जास्त काही होत नाही. आणि झोपेचं म्हणशील तर माझ्या अंदाजानं निम्मी झोप तरी त्याच रात्री परत येईल.

आता ढोंगाचं. तू ढोंगी आहेस असं मला वाटत नाही, कारण ढोंगी माणसाला झोप छान लागते. तुला कौतुक आवडलं, एवढंच. आणि का नाही आवडणार? सकाळी डबे, मग बँक, कॅश टॅली होईस्तोवर जीव टांगणीला, संध्याकाळी परत तोच ओटा, यात 'वा, काय सुंदर केलंस' असं कुणी कधी म्हटलंय का तुला? पोळी गोल झाली म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही, करपली तर मात्र सगळ्यांना दिसते. अशा बाईनं आईचं नाव बोरूनं कागदावर उतरवलं आणि चारशे अनोळखी माणसं म्हणाली वा ताई, डोळ्यात पाणी आलं, तर तिला ते परत परत हवंसं वाटणारच. कौतुकाची भूक असण्यात लाज वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. आपल्याकडे बायकांनी काहीही करायचं ते गपचूप, मिरवायचं नाही, असा जो एक सूर असतो ना तो मी लावणार नाहीये, तेवढं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे बोलणार आहे ते ऐकताना तुला तसं वाटेल.

माझं म्हणणं वेगळं आहे. तुझं काय झालं माहितीये का, तुझा अभ्यासक्रम कॅमेऱ्यानं ठरवला. तू शिकायला बसलीस ट्रंक वाचायला, आणि शिकलीस नावं लिहायला. ही दोन कामं दिसायला शेजारी शेजारी आहेत, पण यात किती अंतर आहे ते तुला दिवाळीत कळलंच. नाव लिहायचं म्हणजे काय, पाच-सहा अक्षरं, कोरा हँडमेड कागद, ऐसपैस जागा, पाहिजे तेवढा वेळ, आणि काय लिहायचंय ते आधीच ठाऊक. तीस सेकंदात होतं, मागं तंबोरा लावला की रील तयार. आणि जुना कागद वाचायचा म्हणजे? लिहिणारा कारकून घाईत, आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून मोकळा झालेला, मग त्या रेघेला बोरू न उचलता अक्षरं लटकवत गेलेला, शब्द कुठं संपला ते दाखवायला जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, इ-ई ला एकच खूण, उ-ऊ ला एकच, म्हणजे सुत आणि सूत एकसारखंच दिसणार, मुलगा की धागा ते तूच संदर्भानं ओळखायचं. वर शाई फुटलेली, घडीवर कागद फाटलेला आणि निम्मे शब्द तोडून लिहिलेले, मौजे चं नुसतं मो, राजश्री चं रा. याचं रील काय करणार तू? बाई दीड तास एका ओळीकडे भिंग घेऊन बघतेय आणि शेवटी म्हणतेय की हे 'पैकी' असावं बहुतेक. कोण बघेल? मीसुद्धा नाही बघणार. म्हणून तू ते केलं नाहीस. आळस नव्हता गं तो, रोज बोरू घेऊन बसतच होतीस की. फक्त रोज बसून तेच करत राहिलीस जे दाखवता येत होतं, आणि जे दाखवता येत नव्हतं ते आपोआप मागं पडत गेलं, एक दिवस, दोन दिवस, करत करत चार-पाच वर्षं.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. त्या अकरा हजारांतल्या किती जणांना मोडी येते? शंभर? त्यातले किती कॉमेंट करतात? म्हणजे तुझ्या अक्षराला जे सुंदर म्हणतायत त्यांना ते अक्षर बरोबर आहे की चूक हेच कळत नाही. उद्या तू एखाद्याच्या नावात भलतंच अक्षर काढलंस तरी तो ते दंडावर गोंदवून घेईल आणि तुला टॅग करेल. (हसू नकोस, असे दंड महाराष्ट्रात चिक्कार फिरत असणार.) कौतुक करणाऱ्याला चूक कळत नसेल तर त्या कौतुकानं मन भरतं, पण हात सुधारत नाही. आणि नुसती नावं लिहायला तर आता माणूसही लागत नाही, २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात आहे, फॉन्ट टाकला की नाव तयार. ट्रंकेतला कागद मात्र फॉन्ट वाचून देत नाही.

मी काय मोठी शहाणी म्हणून हे सांगत नाहीये. माझं ऐक. तीन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा धरला. डॉक्टरांनी सांगितलं वजन थोडं कमी करा, चाला, पण मुख्य म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करा, खुर्चीत बसायचं, पाय सरळ करायचा, दहा आकडे धरून ठेवायचा, खाली, असे दोन्ही पायांचे दहा-दहा, दिवसातून दोनदा. फुकट काम, पाच-सात मिनिटांचं. त्याच महिन्यात आमच्या सोसायटीत पावलांची चॅलेंज निघाली, रोज दहा हजार, रात्री बारापर्यंत ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा, महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघींना स्टीलचे डबे. मी घड्याळ घेतलं. आणि सांगते काय तुला, रात्री पावणेबाराला मी हॉलमध्ये सोफा ते फ्रिज, फ्रिज ते सोफा अशी फेऱ्या मारायचे, एकदा तर सिरियल बघता बघता नुसता हात हलवून सहाशे पावलं काढली, नवरा बघत होता, काही बोलला नाही, त्या न बोलण्याचीच मला जास्त लाज वाटली. दुसरी आले मी. डबे आहेत अजून, पोहे ठेवते त्यात. आणि गुडघा? चांगलाच वाढला, कारण त्या महिनाभरात खुर्चीतला व्यायाम मी एकदाही केला नाही. त्याचा स्क्रीनशॉट येत नाही ना. नंतर कुठंतरी वाचलं की हा दहा हजारांचा आकडाच मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळं पसरला, त्या यंत्राचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं मीटर. नाव ऐकायला गोल वाटलं, खपलं, आणि साठ वर्षांनी मी पावणेबाराला फ्रिजला प्रदक्षिणा घालतेय. चालणं वाईट असं मी म्हणत नाहीये, चालावंच. पण माझ्या गुडघ्याला जे हवं होतं ते कुणालाच दिसणारं नव्हतं, आणि जे सगळ्यांना दिसत होतं त्यानं गुडघ्याचं वाटोळं झालं.

आता तुझी ती भीती, की कॅमेरा नसेल तर बोरू धरावासाच वाटत नाही. यावर एक जुना प्रयोग आहे, १९७३ साली छापून आलेला, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला, मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली छोटी पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं की स्केचपेननं चित्र काढलंस तर तुला सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. काहींना काही सांगितलं नाही, चित्र काढून झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक हातात दिलं. आणि काहींना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच स्केचपेन नुसते ठेवून दिले आणि लांबून बघत बसले, कोण उचलतं. तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवड होती ती निम्म्यावर आली! मला यातली दुसऱ्या गटाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सर्टिफिकेट त्यांनाही मिळालं होतं, अगदी तसंच, चांदणी आणि रिबीन सगळं, पण त्यांची आवड जशीच्या तशी. कारण ते काढताना त्यांच्या डोक्यात सर्टिफिकेट नव्हतं.

आता तुझा पहिला व्हिडिओ आठव. आईचं नाव. तो तू टाकलास तेव्हा काय मिळणार ते तुला ठाऊक नव्हतं, कौतुक आलं ते न मागता आलं, त्यानं तुझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, जेव्हा बोरू शाईत बुडवतानाच डोक्यात यायला लागलं की हे किती जातंय बघू. त्यामुळं तुझी आवड मेली असं मी अजिबात मानत नाही. ती सर्टिफिकेटाखाली दबलीय. पण उठायला वेळ घेईल, आणि तो वेळ कंटाळवाणा असणार, हे मी तुला आधीच सांगून ठेवते म्हणजे चौथ्या दिवशी 'ताई, मला तर काहीच वाटत नाहीये' म्हणून घाबरशील तेव्हा आठवेल. पहिले पंधरा-वीस दिवस हात जड होईल, फोनकडे नजर जाईल, एखादं अक्षर झकास जमलं की लगेच कुणाला तरी दाखवावंसं वाटेल. वाटू दे. चहा कर.

पण मग अकाऊंटचं काय? बंद वगैरे करू नकोस. आणि 'मी स्वतःसाठी ब्रेक घेतेय' अशी पोस्ट तर कृपा करून टाकू नकोस, कारण त्यालाही लाइक येतात, ताई काळजी घ्या, ताई मिस करू, आणि तू ते मोजत बसशील. मी गेले बघा शांततेत, असं ओरडून जाण्यासारखं ते. गपचूप कमी कर. फ्रेमांचा आणि पत्रिकांचा धंदा आहे तो चालू ठेव, चार पैसे येतायत ते का सोडायचे, फक्त तो धंदा आहे एवढं स्वतःशी मान्य कर. सुतारानं दुकानात पाट विकावेत, त्यात काही वावगं नाही, पाट विकले म्हणजे आपण देव्हारा कोरायला शिकलो असं त्यानं समजू नये. रविवारी बसून ऑर्डरी लिही, त्याचेच व्हिडिओ टाक. बाकीच्या दिवसांतला अर्धा तास ट्रंकेचा, आणि तो अर्धा तास कुणालाही माहीत नसू दे. नवऱ्यालासुद्धा 'जरा कागद बघतेय' एवढंच सांग.

पोस्ट टाकल्यामुळं शिस्त लागते, चारचौघांत सांगितलं की मागं हटता येत नाही, असं तू म्हणशील, म्हणजे पत्रात नाही लिहिलंस पण बरेच जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. सुरुवातीला, मुळाक्षरं गिरवायची असतात तेव्हा, रोज बसवायला ते उपयोगी पडतं, तुलाही पडलं. त्याच्यापुढं जिथं रोज आठ चुका होणार असतात तिथं मात्र ते नडतं, कारण अकरा हजार लोकांसमोर माणूस चुकायला धजत नाही, आणि चुकल्याशिवाय मोडी वाचायला कुणाला आलीये? म्हणून तुला बघे नकोत, तपासणारं एक माणूस हवं. हे मी फार जपून वेगळं काढते, कारण स्वतःपुरतं शिकायचं म्हटलं की लोकांना वाटतं खोलीचं दार लावून एकटं बसायचं. तसं केलंस तर चुकीचं वाचन पक्कं करून बसशील. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, त्यांचं पुराभिलेखागार तुझ्या कोल्हापुरातच आहे, जाऊन विचार पुढचा वर्ग कधी आहे ते. तिथं गेलीस की 'मोडीवाली ताई' हे घरी ठेवून जा, मागच्या बाकावर बस, आणि शिकवणाऱ्यांना सांग की लिहिता बरं येतं पण वाचता येत नाही. त्यांना यात काही नवल वाटणार नाही बघ. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून गावोगावची जुनी दप्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती लागली ते आपण बातम्यांत वाचलंच, आणि नुसतं सुंदर अक्षर असणाऱ्यांचा तिथं उपयोग नव्हता.

आणि घरी बसशील तेव्हा कुठून सुरुवात करायची तेही सांगते, माझा स्वतःचा हात यात फार चालत नाही, पण आमच्या वडिलांना येत होती मोडी आणि लहानपणी त्यांच्याबरोबर बसून जे पाहिलंय त्यावरून. कागद तारखेनं लाव, आणि सगळ्यात जुन्याला हात घालू नकोस, मोह होईल तरी नको. सगळ्यात अलीकडचा घे. मुंबई सरकारनं कारभारातून मोडी काढून बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आणायचं १९१७ साली ठरवलं असलं तरी लोकांच्या हातातली मोडी काही लगेच गेली नाही, त्यानंतरही कितीतरी वर्षं खरेदीखतं, पावत्या, सावकाराच्या वह्या मोडीतच. असले इंग्रजी अमदानीतले कागद त्यामानानं सुटसुटीत असतात, सन असतो, वर स्टँप असतो. स्टँप पेपर दिसला तर खरेदीखत नाहीतर गहाणखत असायची शक्यता बरीच. आणि तसं असेल तर तुझं नशीब चांगलं, कारण त्यात चतुःसीमा असणार. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द असणारच हे तुला आधीच माहीत आहे, म्हणजे आता वाचायचं नाही, शोधायचं. मधल्या भागात कुठंतरी एकच शेपूट असलेले चार शब्द थोड्या थोड्या अंतरानं येतील, -स, -स, -स, -स. सापडले की त्यातून त्या कारकुनाचा प कसा, र कसा, श कसा, त्याला क्ष लिहायची सवय कशी, हे सगळं तुझ्या हाताला लागलं. ती अक्षरं वहीत उतरवून घे आणि मग तीच बाकीच्या कागदात हुडकत जा. माझे वडील याला 'माणसाशी ओळख करून घेणं' म्हणायचे. आधी कारकुनाशी ओळख, मग कागद.

रकमांकडेही नीट बघ, ४ च्या पुढं एक उभी रेघ असेल तर सव्वाचार, दोन असतील तर साडेचार, तीन असतील तर पावणेपाच, आणि मग आणे. नाहीतर तू पणजोबांचं कर्ज भलतंच वाढवून ठेवशील. एखादा कागद खरंच फार जुना निघाला, म्हणजे पेशवाईतला वगैरे, तर त्यात 'सीत सबैन मया व अलफ' असलं काहीतरी दिसेल, गांगरू नकोस, ते अरबी आकडे आहेत, सहा, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७६, हा शुहूर सन, त्या काळच्या कारभारातली कालगणना, त्यात ५९९ मिळवलेस की १७७५, आणि वर्ष जूनमध्ये बदलत असल्यामुळं १७७५-७६. पण ते पुढच्या वर्षी.

आणि कागदाच्या शेवटी, साक्षी असतात तिथं, जरा थांब. जिला-ज्याला लिहिता येत नव्हतं त्यांची निशाणी असते तिथं. कुळंबी माणसाचा नांगर, बाईची बांगडी. त्यांच्या वतीनं कारकुनानं बाजूला लिहिलेलं असतं अमक्याची निशाणी नांगर म्हणून. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा दाखवलेलं मोडी अक्षर म्हणजे खरं तर अक्षर नव्हतंच, एक वाकडातिकडा नांगर होता, दोन रेघांचा. त्या माणसानं तो एकदाच काढला असेल जन्मात, कचेरीत, सगळे बघत असताना, घामेजल्या हातानं. मला इतक्या वर्षांनीही तो नांगर दिसतो. तुला असं काही सापडलं तर पाच मिनिटं नुसती बघत बस, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

वही मात्र ठेव. दोनशे पानी साधी, लाइनवाली, चांगली-बिंगली आणू नकोस, चांगल्या वहीत खाडाखोड करायला जीव होत नाही. डावीकडं जसं दिसतं तसं, उजवीकडं बाळबोधमध्ये, न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबं. मागची टिंबं पुढच्या महिन्यात भरली जातात की नाही एवढंच बघायचं. ते कळायला तुला कुणाची कॉमेंट लागणार नाही.

घरच्यांना कधी सांगायचं? चुलतभावाला शब्द देशीलच, वाचून झालं की सांगते म्हणून, तेव्हा पहिला कागद पुरता लागला आणि तपासूनही झाला की त्याला सांग. कदाचित त्यात रान-बिन काही नसेल. बैल उसना नेल्याची नाहीतर चार पायली जोंधळे परत केल्याची पावती असेल. तेही सांग, आहे तसं. एखादवेळी ते ओढ्याकडचं रान विकल्याचाच कागद निघेल, मग मात्र जेवणं झाल्यावर सांग.

जाता जाता, ट्रंकेतल्या कागदांना सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर चुकूनही नको, त्यानं कागद कायमचा जातो. उघडताना हात कोरडे ठेव, घडी कडक झाली असेल तर ओढू नकोस, फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी काढ, फ्लॅश न लावता, आणि मग वाचन फोटोवरूनच कर, म्हणजे मूळ कागदाला रोज हात लागायचा नाही. नवं सुती कापड आण, मांजरपाट चालेल, पण आधी धुऊन खळ काढून टाक, कडक वाळव, मग त्यात बांध. आणि ट्रंक गावच्या माळ्यावर असेल तर ती पावसाळ्याआधी खाली काढ.